जोडणी परत आली, पण

‘हात लावू नये’ ही चिठ्ठी लॅबमधल्या दोन मशीन जोडणाऱ्या त्या केबलला मीच लावली होती. कन्नडमध्ये, इंग्रजीत, ठळक अक्षरात. तिथल्या कुणीही तिला हात लावला नाही. बुधवारी सकाळी, चष्मा कपाळावर ठेवून, दुसरीच समजून, मीच ती उपटली.

हेब्बाळच्या ऑफिसात बारा वर्षं मी एकच ड्रायव्हर सांभाळतोय. दुसऱ्या मशीनमधली डिस्क जवळच असल्यासारखी वापरू देणारा प्रोग्राम. मधली जोडणी तुटली की त्यानं पुन्हा लॉगिन करायचं आणि अर्धवट राहिलेली कामं परत पाठवायची. हा लॉगिन करायचा, ‘सगळं ठीक’ लिहायचा आणि जुनी कामं विसरायचा. ती कामं सांगणारे प्रोग्राम बिचारे ताटकळत बसायचे.

शुक्रवारपर्यंत हे सुधारलं नाही तर ड्रायव्हर बंद, असं मॅनेजरनं सांगितलं होतं. ड्रायव्हर बंद म्हणजे मीही बंद, हे तिला सांगावं लागलं नाही. घरी मी काहीच बोललो नव्हतो. पण रविवारी अवरेकाईच्या शेंगा सोलताना बायकोनं विचारलंच, “अहो, नोकरीचं ठीक आहे ना?” तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून आलो आणि यंदाच्या शेंगांना चव कशी नाही, यावर मी बराच वेळ बोललो.

मंगळवारी मी मॅनेजरला ऐटीत कळवलं, “सुधारलं.” चाचण्या पास होत होत्या ना! मात्र त्या चाचण्यांत जोडणी मी खुर्चीत बसून, एक कमांड देऊन, अगदी सभ्यपणे बंद करत असे. अशी कधी उपटली नव्हती.

केबल घाईघाईनं परत खोचली. लॉगिन झालं. ‘सगळं ठीक.’ आणि सगळी कामं जिथल्या तिथं अडकलेली.

मॅनेजर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. स्क्रीन बघून हळूच कन्नडमध्ये म्हणाली, “बिडी, सर.” म्हणजे, सोडून द्या आता. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तरी संध्याकाळपर्यंत मी कोड वाचत बसलो. कुठं बिघडलंय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन बायकोला केबलची गोष्ट रंगवून सांगितली. मॅनेजरचं वाक्य तेवढं गाळलं.

“अय्यो, चिठ्ठी तुमचीच?” ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “ते असू दे हो. रविवारी मी एक विचारलं होतं, ते तसंच राहिलंय की.”