उतरल्यावर कोण?

तिकीट छापायच्या आधी चाचा कीबोर्डवरून दोन्ही हात काढून घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारत, "उतरल्यावर कोण?"

गिऱ्हाईक गोंधळून जाई. जेद्दाच्या अझीझिया भागातलं आमचं ट्रॅव्हल ऑफिस. लोक तिथं तिकीट घ्यायला येत, उलटतपासणीला नव्हे. पण उत्तर मिळेपर्यंत चाचा कीबोर्डला हात लावत नसत. हा प्रश्न त्यांना हिंदीत, अरबीत आणि मोडक्यातोडक्या मल्याळीत विचारता येई. बाकीच्या भाषा ते हातवाऱ्यांवर भागवत. विमानतळावर, धक्क्यावर, बसस्टँडवर तुम्हाला न्यायला कोण येणार, एवढंच त्यांना हवं असे. नाव आणि फोन नंबर.

मी त्या ऑफिसात हिशेब बघायचो. मी चिपळूणचा, ते दापोलीकडच्या खाडीकाठचे. एवढ्या बळावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला पुतण्या करून टाकलं आणि माझ्या डब्यातला अर्धा मासा स्वतःच्या ताटात घेतला. त्यांचं नाव सांगत नाही. ऑफिसच्या मालकापासून खालच्या ब्रोस्ट चिकनवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरतात आणि वर आपणच उपकार केले अशा थाटात बसतात.

एकदा माणगावचा एक पोरगा घरच्यांना न कळवता जायला निघाला. बायकोला अचानक दारात उभं राहून चकित करायचं, असा त्याचा बेत. चाचांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, तिकीट दिलं आणि तो जिना उतरत नाही तोच त्याच्या घरी फोन लावला. मुंबईला विमानतळावर दोन सुमो भरून माणसं हार घेऊन उभी. बायको नवी साडी नेसून, रागावून, की मला का नाही सांगितलं. पोरगा परत आला तो थेट भांडायलाच. चाचांनी त्याला गोड सुलेमानी चहा पाजला आणि विचारलं, "न्यायला आले व्हते ना? मग झालं तर."

या हट्टामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. तरुणपणी ते पहिल्यांदा आखातातून गावी गेले, तेव्हा येतोय म्हणून केलेली तार पोचलीच नव्हती. ट्रंक डोक्यावर घेऊन भर दुपारी खाडीच्या धक्क्यावरून चालत निघाले, तर वाटेत गावातल्याच एका माणसाने त्यांना हटकलं, कुणाकडं जायचंय? स्वतःच्या गावात कुणाकडं जायचं म्हणून विचारलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "न्यायला कोण नसलं ना, की माणूस घरी जात नाय बाबा," ते म्हणाले, "नुसता उतरतो."

त्या वर्षांत काही देशांतली यादवी निवली होती, काही ठिकाणी नुसती धुमसत होती. सोमाली, सुदानी, श्रीलंकेचे लोक एकेरी तिकीट मागायला येत. कुणी जेद्दात वीस-वीस वर्षं काढलेली. अशा माणसाला 'उतरल्यावर कोण' विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं, हे मला दिसायचं. चाचांना दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक. ते विचारायचेच. एक सोमाली म्हातारा म्हणाला, कोणी नाही, माझे सगळे एकतर कबरीत किंवा कॅनडात. चाचांनी बलद बाजारातल्या सोमाली हमालांना गाठून मोगादिशूच्या विमानतळाबाहेरच्या एका चहावाल्याचा नंबर मिळवला. म्हातारा पोचला त्या दिवशी चहावाल्याचा फोन आला. माणूस आलाय, चहा प्यालाय, आता रडतोय, काय करू? चाचा अरबीत म्हणाले, आणखी एक चहा दे. मग फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आमच्या ऑफिसात फरूक नावाचा ड्रायव्हर होता. श्रीलंकेचा, तमिळ बोलणारा मुसलमान. पासपोर्ट आणि कागद घेऊन दिवसभर वकिलातींचे उंबरे झिजवायचा. त्याचं गाव त्या देशाच्या उत्तरेला. तो लहान असताना तिथल्या बंदूकधारी बंडखोरांनी गावातल्या सगळ्या मुसलमानांना काही तासांत घरं सोडायला सांगितलं होतं. शेजारीपाजारी तमिळ हिंदू दारात उभे राहून बघत होते. तेव्हापासून त्याची आई दक्षिणेकडे, पुत्तलमला, विस्थापितांच्या वस्तीत राहत होती. आता लढाई संपली होती, परत जायला मोकळीक मिळाली होती आणि म्हातारीने एकच धोशा लावला होता, मला माझ्या घरी ने.

फरूक टाळत होता. पण सौदीकरणाचा वरवंटा फिरायला लागला. कुठल्या कंपनीत किती सौदी माणसं आहेत, त्यावरून सरकार कंपनीला रंग द्यायचं. आमचं ऑफिस हिरव्यातून पिवळ्यात घसरलं आणि फरूकचा राहण्याचा परवाना, इकामा, वाढवून मिळाला नाही. फायनल एक्झिट, कायमची पाठवणी. तो तिकिटाला चाचांसमोर बसला तेव्हा चाचांनी चष्मा वर सरकवला. फरूक म्हणाला, कोलंबोला मावसभाऊ येईल. चाचा म्हणाले, कोलंबो नाही, तुझ्या गावात. तिथं कोण?

फरूक हसला. तिथं एक टीचर होती, म्हणाला. शेजारची. तिनेच मला अक्षरं शिकवली, आमची विहीर एकच होती. आम्ही निघालो तेव्हा ती खिडकीत होती.

एवढा धागादोरा चाचांना पुरे होता. समोरच्या दवाखान्यातल्या एका तमिळ नर्सला त्यांनी कामाला लावलं. तिच्या ओळखीचं कोणीतरी जाफन्यात, त्याच्या ओळखीचा कोणी पोस्टात, असं करत करत त्या टीचरबाईंचा नंबर मिळाला. फोन लावला त्या दुपारी फरूक कागद घेऊन बाहेर गेला होता. नर्स बोलत होती, फोन स्पीकरवर होता, मी हिशेब बाजूला ठेवून ऐकत होतो.

टीचरबाई सांगायला लागल्या, नर्स तुकड्यातुकड्याने हिंदीत सांगत गेली. त्यांचं घर तोफगोळ्यांत पडलं. दोन मुलगे होते, दोन्ही लढाईत गेले. थोरला त्या बंदूकवाल्यांमध्येच सामील झालेला. फरूकचं घर रिकामं होतं, छप्पर शाबूत होतं, म्हणून त्या तिथं राहायला गेल्या. गेली कितीतरी वर्षं तिथंच आहेत. ते लोक येणार असतील तर मी निघते, म्हणाल्या. कुठं जाणार, ते काही बोलल्या नाहीत.

चाचा खुर्चीत पुढे सरकले. "तिला सांग," ते म्हणाले, "कुठं जायची गरज नाय. घर मोठं हाय. दोन चुली मांडतील."

नर्स थबकली. हे फरूकने सांगितलंय का, असं तिने विचारलं. चाचा म्हणाले, तू सांग. तिने सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला.

आता आपल्याकडच्या कोकणातल्या माणसाला यात वावगं काही दिसणार नाही. भाऊभाऊ भांडतात, तोंड बघत नाहीत, आणि एकाच माजघरात दोन चुली मांडून जन्म काढतात. चाचांच्या स्वतःच्या घरात तीन चुली होत्या. त्यांना वाटलं, हेही तसंच. संध्याकाळी फरूक आला तर त्यांनी मोठ्या कौतुकाने त्याला सगळं सांगितलं.

फरूकने ऐकलं. म्हणाला, "चाचा, वो घर आपका नहीं था." आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं की तो आधी एकटा गावी जाणार, त्या बाईला बाहेर काढणार आणि मगच आईला नेणार. जिच्या मुलाने आम्हाला हाकललं, तिच्यासमोर माझी आई पाणी भरणार नाही. आईला तो यातलं काही कळू देणार नव्हता. त्याचं चुकत होतं, असं म्हणायची माझी तरी हिंमत नव्हती.

मी चाचांना मात्र बोललो. भाऊबंदकी वेगळी आणि हे वेगळं, मध्ये बंदूक आली होती, तुम्ही शब्द कसा दिलात, असं बरंच काही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "खरं हाय तुजं. पण मला सांग, ती बाई तिथून निघाली तर तिला न्यायला कोण हाय?"

त्यानंतर चाचांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. गिऱ्हाईक समोर बसलं की ते मुकाट तिकीट छापत. लोकांचं काम लवकर होऊ लागलं आणि ऑफिसात बसवेना.

फरूक गेला त्या दिवशी चाचा विमानतळावर आले. फरूकने हात पुढे केला, गळाभेट घेतली नाही. चाचांनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. गाडीत परत येताना मला म्हणाले की आपण बाईला खोटी आशा लावली, आता ती सामान बांधत असेल. मी म्हटलं, फोन करून सांगू या. ते म्हणाले, कुठल्या तोंडाने?

मग त्यांचीही पाळी आली. काउंटरवरच्या खुर्च्या सौदी माणसांसाठी राखून ठेवायच्या, असं ठरलं. म्हाताऱ्या कफीलच्या, म्हणजे आमच्या सौदी मालकाच्या, डोळ्यांत पाणी होतं, त्याच्या मुलांच्या नव्हतं. चाचा गेले. मी त्यांना खूप शिव्या घातल्या आहेत, पण ते गेल्यावर ऑफिसात जेवण जाईना, हेही सांगून टाकतो. गावी गेल्यावर वर्षही काढलं नाही त्यांनी. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले आणि बसल्या जागी गेले. बातमी मला फोनवर त्यांच्या धाकट्या भावाने दिली, तिसऱ्या चुलीवरच्याने.

त्यानंतर साधारण महिन्याभराने ऑफिसच्या फोनवर फरूक बोलत होता.

"चाचा हैं क्या?" त्याने विचारलं. मी सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात तो बोलतच सुटला. लाइन तुटेल अशी त्याला घाई होती. तो गावी पोचला तेव्हा टीचरबाई गाठोडी बांधून ओटीवर बसल्या होत्या. घर सारवून, विहिरीवर नवा दोर लावून, किल्ली हातात. त्यांनी किल्ली दिली आणि शेजारच्या पडक्या भिंतींमध्ये पत्रा टाकून राहायला गेल्या. त्याने जाऊ दिलं. मग आईला आणलं. आईने घर बघितलं, विहिरीवरचा दोर बघितला आणि विचारलं, इथं कोण राहत होतं? त्याला खोटं बोलता येईना. आईने ऐकलं, पत्र्याकडे बघत दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, जा, तिला घेऊन ये.

आता दोन चुली आहेत. गोडीगुलाबी काही नाही, तो म्हणाला. टीचरबाई थोरल्या मुलाचा फोटो भिंतीला लावतात, आई तो काढून उलटा ठेवते, त्या पुन्हा लावतात. विहिरीवर दोघींच्या वेळा वेगळ्या. बोलणं कामापुरतं. फक्त एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे, की जेद्दात बसून आमच्या चुली मांडणारा हा माणूस कोण? याला हक्क कुणी दिला? दोघींना त्याच्याशी भांडायचंय, म्हणून तर फोन लावला. चाचांना द्या.

मी म्हटलं, "फरूक, ऐक."

पण त्याने फोन आईकडे दिला होता. आधी म्हातारीचा आवाज आला, मग लगेच दुसरा, त्याहून करारी, शाळेत वर्षानुवर्षं बोललेला. दोघी एकदमच बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य पुरं करत होत्या. तमिळमधलं मला अक्षर कळत नव्हतं, पण रागावलेली माणसं कुठल्याही भाषेत ओळखू येतात. मी चाचांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो आणि फोन कानाला घट्ट धरला. मध्ये मध्ये हां, हां म्हणत राहिलो. दोघींना वाटत होतं, चाचाच ऐकतायत.