फवारणीवर आलेला आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऋतुजाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तात्यांना ओळखत नाही — आणि गप्प राहूनही माणूस थकतं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. अंथुर्ण्याला त्यांची डाळिंबाची बाग होती. ऋतुजा त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मी बारामतीत इंग्रजी शाळेत. सुट्टी लागली की तिच्याकडे. ती ट्रॅक्टर चालवायची, कुणाशीही बोलायची. मी बांधावर बसून बघायची. ‘आमच्या मॅडमला चिखल चालत न्हाय,’ असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. प्रेमानंच. पण लागायचं.

अकरावीत क्लासमधल्या एका मुलीनं मला वेपचं पेन दिलं. आंब्याच्या वासाचं. त्यात काय होतं, ते पुढे वाचून कळलं — गांजासारखी नशा यावी म्हणून बनवलेलं रसायन, गांजापेक्षा कितीतरी जहाल. तेव्हा नाव माहीत नव्हतं. पण ते साधं नाही, एवढं माहीत होतं. मी एकदा ओढलं, तर छाती अशी धडधडली की नळ सोडून बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. भिंत जवळ येत होती. तरी ते फेकलं नाही. का? ऋतुजाकडे नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं — म्हणून?

त्या वर्षीच्या सुट्टीत ते पेन घेऊनच अंथुर्ण्याला गेले. एका सकाळी तात्या बागेत कीडीचं औषध फवारत होते, ऋतुजा मागून पंपाची नळी ओढत होती. नाकाला ओढणी, बाकी काही नाही. काम उरकल्यावर आम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे बसलो. मी पेन काढलं. तिनं वास घेतला, हसली, परत दिलं. मी म्हणाले, घाबरलीस? असं म्हटलं की ती मागे हटत नाही, हे ठाऊक होतं — म्हणूनच म्हणाले. तिनं लागोपाठ झुरके घेतले. मग डोळे फिरले, हातपाय ताठ झाले.

मी ओरडले. पण त्याआधी — आधी पेन शेजारच्या चारीत टाकलं. पाणी वाहतं होतं. ते दिसेनासं झालं, मग ओरडले.

तिच्या कपड्यांना औषधाचा वास येत होता. दुसरं काही कुणाच्या मनात येणार तरी कसं? दवाखान्यात तात्यांनी औषधाची बाटली डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी तिचे डोळे पुन्हा तपासले. लक्षणं नीट जुळत नाहीत, म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. हिनं आणखी काही घेतलं होतं का?

“नाही,” मी म्हणाले. “फक्त फवारणी.”

त्यांनी विषबाधेचेच उपचार सुरू केले.

ऋतुजा वाचली. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. फिट मात्र अजून येतात. ट्रॅक्टरवर तिला कुणी बसू देत नाही.

तात्यांनी बाग काढून टाकली — फळं लागलेली झाडं, जेसीबी लावून. आता तिथे ऊस आहे. तिला बघायला पाहुणे आले की फिटचं ते स्वतःहून सांगतात. कारणही सांगतात. पोरीला औषधात मीच उभं केलं, म्हणतात. पाहुणे चहा पिऊन जातात.

परवा गेले होते, तर तात्यांनी माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली.

“तू तितं व्हतीस म्हणून पोरगी हाय,” ते म्हणाले. “डाक्टरला फवारणीचं चटकन सांगितलंस.”

ऋतुजा समोरच बसली होती. मॅडम कधी नव्हं ते बोलल्या, पण कामाचं बोलल्या, म्हणाली, आणि हसली.

मी मान हलवली. भाकरी मोडली. जेवले.