गोदाबाईंच्या चड्ड्या

आमच्या गोदाबाई शाळा पाढ्यांनी सुरू करत नसत, झाडानं करत. "जा गं पोरीहो, वडाला लटकून या. आंग मोकळं झालं की डोस्कं मोकळं होतं," म्हणायच्या. केजच्या मुलींच्या शाळेतल्या त्या एकट्या मास्तरीण. माहेर घाटनांदूरचं, कपाळ लहानपणीच पांढरं झालेलं, आणि आवाज असा की बाजारातले बैल वळून बघत. निजामाच्या राज्यात मुलींची शाळा आधीच लोकांच्या डोळ्यांत खुपायची, त्यात ही बाई!

शेजारच्या शाळेतली पोरं वडाखाली येऊन वर बघत फिदीफिदी हसू लागली. आम्ही झाडावर चढणं सोडलं. मी तर घरी सांगून टाकलं, शाळेत जायचं नाही. बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या धोतरांचा गठ्ठा घेऊनच आल्या आणि शिवणाच्या तासाला प्रत्येकीकडून परकराखाली घालायची चड्डी शिवून घेतली. "कुनी हसलं म्हणून आपुन खाली उतरायचं न्हाई. हसनाराचे दात हसनारापाशी!"

शाळेचा कारभार बघणारे देशमुख तणतणत आले. "बाई, पोरींना चड्ड्या? आज चड्डी, उद्या इजार घालतीन!"

"इजारीत काय वाईट हाय? तहसीलदारसायबाच्या लेकी घालतेत. तिथं तर तुमी वाकून सलाम करता."

देशमुख आल्या पावली परतले. पुढं त्यांच्याच नातीनं चड्डी घातली, घरोघरच्या आयांना पटलं, आणि मग देशमुखांना अचानक मुलींची अब्रू आठवली. त्यांनी फर्मान काढलं, चड्डी नसेल त्या मुलीला शाळेत घ्यायचं नाही. दारात माणूस उभा केला.

त्यानं पहिल्याच दिवशी अडवलं ते ठकूला. ठकू मेंढक्याची लेक, आम्हा सगळ्यांत सरस वाचणारी. तिनं आपली चड्डी धाकट्या बहिणीला दिली होती. घरात दुसरा कपडा नव्हता. सोबत आलेला बाप म्हणाला, "मंग मेंढरंच राख."

बाई बाहेर आल्या. ठकूचा हात धरून तिथंच धुळीत बसल्या आणि आम्हाला हाक मारली. "कायदा आतल्या शाळेला हाय ना? मग शाळा भाईर!" आम्ही साऱ्या रस्त्यावर बसून खणखणीत पाढे म्हणू लागलो. तहसिलीत जाणारेयेणारे थांबून बघायला लागले.

देशमुख धावत आले. "चड्डी तुमीच आनली ना, बाई?"

"आनली. झाडावर चढायला आनली, पोरीला हाकलायला न्हाई! पोरांनी वर बघू न्हाई, असा कायदा कावून केला न्हाई तुमी?"

"नोकरी जाईल!"

"जाऊ द्या."

ऊन चढलं तरी आमच्यातली एकही उठली नाही. बघ्यांची गर्दी वाढली, तेव्हा देशमुखांनी दारातला माणूस हटवला. ठकू आत गेली. मात्र देशमुखांनी डूख धरला, वरच्यांचे कान फुंकले आणि बाईंची नोकरी घालवली. त्या देशमुखांचा मला अजून संताप येतो.

बाई गाडीत बसून घाटनांदूरला निघाल्या, तेव्हा मी चाकाला धरून हमसून हमसून रडत होते.

"रडती कावून गं? ठकू कुठं हाय?"

"वर्गात. धडा वाचायली."

"मग झालं की!" बाई म्हणाल्या आणि गाडीवानाकडे वळल्या. "हाका गाडी."