कोऱ्या लेटरपॅडवरची सही

ते पत्र माझ्या नवऱ्याने दिलं नव्हतं. मी दिलं होतं.

आज त्यांना, म्हणजे साहेबांना, जाऊन वर्ष झालं. सकाळपासून पक्षाची एकच पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. साहेबांचा फोटो, फोटोला हार, खाली ते पत्र. वर लिहिलंय, 'पक्षाच्या विचारांवर शेवटपर्यंत ठाम.'

मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. आता लिहूनच टाकते.

साहेब एक टर्म आमदार होते. अधिवेशनाला मुंबईला निघाले की वीस-पंचवीस कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून माझ्याजवळ ठेवून जायचे. कोणाला यवतमाळच्या दवाखान्यासाठी पत्र लागायचं, कोणाला पोरीच्या होस्टेलसाठी. दारात आलेल्याला 'साहेब आल्यावर या' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम.

मजकूर मी लिहायची. शिकले सातवीपर्यंतच. बाकी वाचन झालं ते साहेबांच्या एका मित्रामुळे. ते वाचनालयात होते, मला पुस्तकं आणून द्यायचे.

त्यांना इथे नुसतं भाऊ म्हणते.

भाऊ दुसऱ्या एका माणसासोबत राहतात. वीसेक वर्षांचा संसार आहे. गावाला माहीत आहे, गाव बोलत नाही. साहेबांच्या निवडणुकीत गावचा बूथ भाऊंनीच सांभाळला.

कोर्टात समलिंगी लग्नाची केस चालू होती तेव्हा पक्षाने सगळ्या आमदारांकडून विरोधाचं पत्र मागवलं. साहेब आठवडाभर टाळत होते. ते मुंबईत असताना तालुकाध्यक्ष घरी आले.

"वहिनी, सहीचं एक लेटरपॅड द्या ना."

"काय लिवनार त्याच्यावर?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. "मजकूर वरूनच आला. सगळ्याईचे पत्र गेले, आपलंच रायलं. तिकिटाच्या टायमाले हेच पाह्यतात वहिनी."

मी मजकूर वाचला. 'विकृती' हा शब्द दोनदा होता.

वाचला, समजला, आणि कपाटातून कागद काढून दिला.

मला कोणी फसवलं नाही. तिकीट जाऊ नये म्हणून दिला.

पत्र पेपरात छापून आलं. साहेब घरी आले ते पेपर हातात घेऊनच.

"सुमन, हे कोनं देलं?"

"मी."

"वाचून?"

"वाचून."

पेपरची घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आता तो घरी आला तं चहा देशीन ना त्याले?"

भाऊ आलेच नाहीत. साहेबच त्यांच्याकडे गेले. 'पत्र माह्या नावानं गेलं, चूक माही,' एवढंच सांगून आले. माझं नाव तिथेही घेतलं नाही.

चार दिवसांनी नागपूरला पक्षाच्या आमदारांची मिटिंग होती. मला डॉक्टरला दाखवायचं होतं म्हणून मी सोबत गेले. मिटिंगच्या आधी आमदार निवासात आमच्या खोलीवर तिघे आमदार आले. मी चहा देत होते.

"पत्र वापस घेऊन राह्यलो मी," साहेब म्हणाले.

"काहून? तुह्या मतदारसंघात किती हायेत असे?" एक जण हसला. "का मंग तूच...?"

"हसून घे. मले थे सगळं समजत नाही. पन जे समजत नाही, त्याच्या विरोधात सही कायले करू?"

"सही तं तुहीच हाय ना बाप्पा!"

"सही माही हाय. मजकूर माहा नाही."

"मंग कोनाचा? पीएनं घोळ केला का? नाव सांग. त्याले काढून टाक, मॅटर खतम."

कप माझ्या हातात होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाव नाही सांगत."

तिघेही उठले. त्यांच्यातला एक तरुण आमदार दारात रेंगाळला. "साहेब, मनातून मी तुमच्यासोबत आहे."

"मनातून कायले बापू? मिटिंगमंदी उभा राह्य."

तो उभा राहिला नाही. साहेब एकटेच उभे राहिले. त्यांनी पत्र मागे घेतल्याचं कोणत्याच पेपरात आलं नाही.

येताना कळंबला गाडी थांबवली. मी चिंतामणी गणपतीच्या देवळात पायऱ्या उतरून दर्शन घेऊन आले, साहेब गाडीतच बसून. मी विचारलं, "माहं नाव काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं सगळं तुह्यावर आलं असतं अन मी सुटलो असतो. मले सुटाचं नव्हतं."

पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं गेलं. दुसऱ्या पक्षाचे लोक घरी येऊन गेले. साहेब त्यांना म्हणाले, "भांडन घरातलं हाय. घर नाही सोडत मी." ज्याला तिकीट मिळालं त्याच्याच प्रचाराला गावोगाव फिरले. मला राग यायचा. ते म्हणायचे, "निष्ठा म्हंजे मुंडी हालवनं नसते सुमन."

मग गेलेच.

भाऊ अंत्ययात्रेला आले होते. सगळ्यात मागे उभे होते. घरात आले नाहीत.

आज ती पोस्ट पाहिली आणि आधी भाऊंकडे गेले. त्यांच्या जोडीदाराने दार उघडलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

भाऊ खाली बघत म्हणाले, "वैनी, दोन वर्षं मी त्याच्यासंगं बोललो नाही. मेला तवाबी मनात राग होता माह्या."

मी म्हटलं, "थो राग माह्यावर पाह्यजे होता."

"हो," ते म्हणाले. "पाह्यजे होता."

मी माफी मागितली. मी निघताना भाऊ एवढंच म्हणाले, "लिवून टाका. माहं नाव नोका टाकू. त्यानं पत्र वापस घेतलं, थे टाका."

पक्षातल्या पोरांनो, ती पोस्ट काढा. साहेब तुमचेच होते, शेवटपर्यंत होते. पण ते पत्र त्यांचं नव्हतं.

साहेब, तुम्ही माझं नाव घेतलं नाही. आज मीच घेतलं.

आता शांत झोपा. नमस्कार.

— सुमन