पहिली दोरी

वॉटी गेडिस आमच्या किर्कलोगी गावचा किल्लीवाला. बुरूज, बिनछपराचं जुनं चर्च आणि दफनभूमीतली पहाऱ्याची खोली, तिन्हींच्या किल्ल्या त्याच्या दाराआड खिळ्याला. बुरुजाच्या पाटीवरच लिहिलंय, किल्ली गेडिसकडे मिळेल. कोणी पाहुणा आला की वाडग्यातलं सूप तसंच टाकून हा निघालाच. पूर्वी डॉक्टरांना चिरफाडीसाठी विकायला प्रेतं चोरीला जायची म्हणून त्या खोलीत गावकरी बंदुका घेऊन कसे बसायचे, हे तो इतकं रंगवून सांगायचा की ऐकणारे मागे वळून बघायचे. लग्न केलं नाही. करायला सवड कुठे होती!

समोरच्या घरात त्याचा धाकटा भाऊ रॅब. तोही एकटाच. दोघांचे निरोप रस्त्याच्या या बाजूचे त्या बाजूला करायचं काम माझ्या नशिबी, कारण मी शेजारीण.

"एल्सी, त्याला सांग, त्याच्या कोंबड्या माझ्या कोबीत शिरतात," वॉटी म्हणायचा.

"अरे, तो काय बहिरा आहे? समोर दारात तर उभा आहे."

"तू सांग."

या अबोल्याचं मूळ आईच्या दफनात होतं. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात दोऱ्यांनी सोडतात, आणि उशाकडची पहिली दोरी थोरल्या मुलाची. त्या दिवशी सकाळी एक जोडपं किल्ली मागायला आलं. अजून वेळ आहे म्हणत वॉटी त्यांना घेऊन गेला. बुरुजाच्या गोल जिन्यात त्या बाईला भोवळ आली, ती पायरीवर बसली ती हलेचना. तिला कशीबशी खाली उतरवून हा धापा टाकत पोचला, तोवर आई खाली गेली होती. पहिली दोरी रॅबनं धरली होती.

"झाला का बुरूज दाखवून?" रॅब सगळ्यांदेखत म्हणाला.

"ती दोरी माझी होती. जरा थांबता आलं नाही तुला?"

बस, एवढंच. एवढ्यावर दोघं म्हातारे झाले. मला दोघांचाही संताप यायचा, आणि संध्याकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्यांत दोन दिवे दिसले की रडूही यायचं.

या हिवाळ्यात रॅबनं अंथरूण धरलं. मी वॉटीच्या मागे लागले.

"जा रे बाबा. नुसता रस्ता तर ओलांडायचाय."

"जातो. रविवारी जातो."

"रविवारच कशाला?"

"जरा दाढीबिढी करून जातो, एल्सी. असाच कसा जाऊ?"

शनिवारी रॅब गेला.

दफनाच्या दिवशी पावसाबरोबर बर्फ पडत होतं. सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या धरल्या. पहिली पेटीवर तशीच पडून होती, वॉटीचा पत्ता नव्हता. पाद्री सारखे घड्याळ बघत होते. कोणीतरी म्हणालं, द्या दुसऱ्या कोणाला तरी. मयताची व्यवस्था बघणाऱ्या बिल मिल्ननं नकारार्थी मान हलवली.

"रॅबनं मला हात धरून बजावलंय. पहिली दोरी वॉटीची. तो येईपर्यंत मला खाली सोडू नका म्हणाला, कितीही उशीर होऊ दे."

वॉटी कुठे असेल ते मला ठाऊक होतं. बुरुजाचं दार उघडंच होतं. काळा टाय, गुळगुळीत दाढी, असा तो गोल जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"कुठल्या तोंडानं येऊ, एल्सी?"

"जे आहे त्या तोंडानं ये. ऊठ."

"त्यांना उरकून घेऊ दे. मी नंतर जाईन एकटा."

"रॅब थांबलाय, वॉटी. तू आल्याशिवाय खाली जाणार नाही म्हणून सांगून गेलाय."

तो भिंतीला धरून उठला आणि असा निघाला की मला त्याला गाठता येईना.

पेटी सावकाश खाली टेकली. मग दोऱ्या खड्ड्यात सोडून द्यायची रीत आहे. सगळ्यांनी सोडल्या, वॉटीनं सोडली नाही.

"आलो रे, रॅब," तो म्हणाला. इतक्या वर्षांत भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

आम्ही कितीतरी वेळ बर्फात तसेच उभे राहिलो. शेवटी बिलनं पुढे होऊन त्याच्या मुठीतून दोरी सोडवली.