तेल प्यायलेला पाट

आमच्या घरी सागवानी पाटांची जोडी होती. एक माझा, एक हिचा. रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईला आलो, तेव्हा गावाकडून लाकडाचं म्हणून तेवढंच सामान आणलं होतं. मी लवकरच टेबल-खुर्चीवर गेलो. ही मात्र शेवटपर्यंत पाटावर बसून जेवली.

चेन्नईचं एक काही तिने मनापासून उचललं असेल, तर ते शुक्रवारचं तेलाचं न्हाणं. डोक्याला तिळाचं तेल चोळायची आणि तळहाताला उरलेलं आपल्या पाटाला पुसायची. वाया कशाला घालवायचं, म्हणून.

"माझ्या पाटानं काय घोडं मारलंय?" मी विचारायचो.

"तुम्ही बसता का त्याच्यावर कधी?"

ती गेली. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तमिळ. त्यांच्याकडेही वधूवरांना पाटावर बसवतात, मणै म्हणतात त्याला. मुलगी म्हणाली, "बाबा, मणै आपलेच नेऊ." मला बरं वाटलं. रिकाम्या घरात माणसाला काहीतरी काम लागतं.

जॉर्ज टाउनमधून जवसाचं तेल आणि पॉलिश पेपर आणला. सुतार कशाला, आपला हात जगन्नाथ! माझा पाट पहिल्याच हाताला मधासारखा उजळला. हिच्या पाटावर मात्र काळे डाग उठले, आणि मधोमध तेल सुकेचना. बोट लावलं की चिकट. तिळाचं तेल काही वाळत नाही. ते वर्षानुवर्षं आत मुरलेलं, त्यावर जवसाचं कसं धरणार? हे मला डाग पडल्यावर सुचलं. जिवंतपणी तिने माझं कधी ऐकलं नाही, आताही ऐकायला तयार नव्हती.

मग मीही हट्टाला पेटलो. टर्पेंटाइनने पुसून काढलं. कोरं लाकूड दिसेपर्यंत घासलं. तेलाचा पातळ हात द्यायचा, वर राहिलेलं फडक्याने टिपून घ्यायचं आणि वाट बघायची. समुद्राच्या दमट हवेत एकेक हात वाळता वाळत नाही. रंग जुळावा म्हणून माझ्या पाटाला जास्तीचे हात देऊन तो गडद केला. घासताना पडलेल्या भुश्शाला तिच्या केसांचा वास येत होता. तो मी केरात टाकला. शेवटी दोन्ही पाट इतके एकरंगी झाले, की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

लग्नाच्या सकाळी पाट टेम्पोतून हॉलवर उतरवले. मुलगी नटूनथटून आली आणि म्हणाली, "बाबा, आईचा कुठला? मला त्याच्यावरच बसायचंय."

मी दोन्ही पाट पाहिले. उलटे करून पाहिले. घरी हिचा पाट बाल्कनीच्या बाजूला ठेवायचो, एवढीच काय ती ओळख उरली होती. गुरुजी घाई करत होते. मी एकावर बोट ठेवलं. तिने त्याच्यावरून हात फिरवला, तिचे डोळे भरून आले, मग ती बसली. सासरी जाताना तो पाट ती बरोबर घेऊन गेली.

मे महिन्यात घराची भट्टी होते. एका दुपारी केर काढताना उरलेल्या पाटाकडे लक्ष गेलं. मधोमध काळसर डाग उठला होता. बोट लावून पाहिलं, तर चिकट. उन्हाळ्याने आतलं तेल वर आणलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो.

मुलीला फोन करायला घेतला, पण केला नाही. ती त्या पाटावर बसून रोज चहा पिते. आईजवळ बसल्यासारखं वाटतं, म्हणते. तिला कोणत्या तोंडाने सांगू?

पॉलिश पेपर कपाटात आहे, तो काढला नाही. टेबल सोडलं. जेवताना हिचा पाट मांडतो आणि समोर जमिनीवर ताट घेऊन बसतो. शुक्रवारी तळहातावर तिळाचं तेल घेतो. डोक्याला लावण्याइतके केस आता उरलेले नाहीत, म्हणून सगळंच पाटाला पुसतो.