हिलारियोच्या नावाची पाटी

आखातातल्या सित्रामध्ये कंपन्यांच्या बसगाड्या जिथं वळतात, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये विलास राणे सव्वीस वर्षं नावं कोरतो आहे. माणसांची नाही, पंपांची, व्हॉल्व्हची, टाक्यांची. स्टीलच्या पट्टीवर मशीनची सुई फिरते आणि रिफायनरीतल्या कुठल्या तरी नळाला नंबर मिळतो. कुडाळहून आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

माणसाचं नाव कोरायचं काम त्याच्याकडे एकदाच आलं. आणलं ते अन्सेल्मोनं. हा टेक्सासचा, मेक्सिकन वंशाचा म्हातारा, रिफायनरीत क्रेन तपासायचा. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्याला पहिल्याच नावानं हाक मारत, मिस्टर अन्सेल्मो. त्याचं आडनाव काय, हे विलासला कधी विचारावं लागलंच नाही. कोरलेल्या पट्ट्या न्यायला आला की तो स्टुलावर बसे आणि सोप्या इंग्रजीत आपल्या खापरपणजोबांची गोष्ट सांगे.

हिलारियो गुरं राखणारा. १८३६ साली टेक्सासनं मेक्सिकोविरुद्ध बंड केलं, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तो आपणहून बंडात गेला. कुणी बोलावलं नव्हतं. तो आणि त्याच्यासारखे थोडेजण स्पॅनिश बोलणारे, आणि समोरचं सैन्यही स्पॅनिशच बोलणारं. आपल्याच बाजूच्या गोऱ्यांनी चुकून गोळी घालू नये म्हणून त्यांनी टोपीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचला होता. लढाई जिंकली. काही वर्षांतच गोरे शेजारी त्याला परका म्हणू लागले, मग जमिनीवरून हुसकावलं. म्हातारपणी त्यानं एवढंच मागितलं, की मी लढलो होतो असं लिहून द्या. कारकुनानं सैनिकांची यादी पाहिली. त्यात हे नाव नव्हतं. पुरलं तिथं साधा दगडसुद्धा लागला नाही.

ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वर्षभर चालली. "विलास भाय, लडाई खलास हुई क्या?" वर्कशॉपचा मालक इमाद डोकावून विचारी.

मग अन्सेल्मोला कॅन्सर निघाला. त्यानं घरी जाऊन मरायचं ठरवलं. बायको नाही, मूल नाही. निघण्याच्या आठवड्यात त्यानं पाटीसाठी कागदावर नाव लिहून दिलं, हिलारियो त्रेविन्यो ल्यूना. ही पाटी त्याला स्वतःच्या हातानं ठोकायची होती. दुसरं कुठलंच काम आता उरलेलं नाही, म्हणाला.

विलासनं चांगली जाड पट्टी काढली. तिन्ही शब्द घातले की अक्षरं बारीक होत होती. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. विलास गणपत राणे म्हणजे विलास ग. राणे. त्यानं मधल्या नावाचं एकच अक्षर ठेवलं. हिलारियो टी. ल्यूना. अक्षरं ठसठशीत आली.

विमानतळावर जाताना अन्सेल्मो गाडी थांबवून आत आला. पाटीवरचा कागद सोडवून बघत राहिला.

"ल्यूना आईचं," तो म्हणाला. "आमच्यात आईचं आडनाव शेवटी असतं. मधलं ते घराण्याचं. मीही त्रेविन्योच."

विलासनं नाव लिहिलेला कागद पुन्हा काढून पाहिला.

"यादी करणाऱ्यानं हेच केलं होतं, विलास. त्याला ल्यूना म्हणून लिहिलं. म्हणून तर त्रेविन्यो सापडला नाही."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. विलास नवी पट्टी मशीनवर चढवायला वळला, पण बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. अन्सेल्मोनं पत्ता लिहून दिला, पाटी टेबलावर ठेवली, विलासचा खांदा थोपटला आणि गेला.

त्या संध्याकाळी विलासनं तिन्ही शब्द पूर्ण कोरले. पार्सल बांधलं आणि कुडाळला बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

"आवशीचा नाव शेवटाक लावतत?" स्मिता म्हणाली. "बरां आसा. आमचा तर पुसूनच टाकतत."

पार्सल अडीच महिन्यांनी परत आलं. पत्ता बरोबर होता. इमादनं अन्सेल्मोच्या कंपनीत फोन लावला. घरी पोचल्यावर अकराव्या दिवशी तो गेला होता, आणि त्याच्यामागं कुणी नव्हतं. हिलारियोला पुरलं ते रान कुठलं, हे त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

विलासनं त्याला पट्टीची जाडी विचारली होती. अक्षरांची उंची विचारली होती, खिळ्यांच्या भोकांमधलं अंतरही विचारलं होतं. पाटी कुठं लागणार, ते विचारलं नव्हतं.